दोन्ही हात बटणावर

चाकणच्या बाजाराकडे कांद्याच्या गाड्या लागल्या की तो वास कंपनीच्या बसमध्ये घुसतो. खिडक्या लावा, नाकाला रुमाल धरा, काही उपयोग होत नाही. घरी गेल्यावर बायको शर्ट हुंगून विचारते, कांद्यावर झोपला होतात काय. उन्हं तापायला लागलेली असतात, एमआयडीसीच्या रस्त्याकडेचे कडुनिंब मोहरलेले असतात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी अकरालाच पाठ भिजते. हा हंगाम दरवर्षीचा आहे, त्याचं मला काही वाटत नाही. पण यंदा त्या वासात दुसरा एक हंगाम येऊन मिसळला. तो सहा-सात वर्षांतून एकदाच येतो. नवा कन्सोल जाहीर झाला.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा. ज्यांना त्याचा नाद नाही त्यांना यात जाहीर करण्यासारखं काय असतं ते कळणार नाही. डबा दुकानात यायला अजून वर्षभर असतं. आधी नुसता दाखवतात. साखरपुडा आज, लग्न पुढच्या दिवाळीत. पण तो साखरपुडा बघायला आमच्यासारखी चाळिशीला टेकलेली माणसं श्वास रोखून बसतात.

आमच्या फोनवरच्या ग्रुपचं नाव ‘गुरुवारवाले’. इथल्या बहुतेक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळं जग कामाला गेलेलं असतं तेव्हा आम्ही मोकळे, त्यामुळे आमची दोस्ती फक्त आमच्यासारख्यांशीच होते. नवा डबा जाहीर झाल्यावर तासाभरात ग्रुपवर अडीचशे निरोप पडले. एकजण म्हणाला, हा तर पाणी शुद्ध करायच्या मशिनासारखा दिसतोय. दुसऱ्यानं विचारलं, जुन्या डिस्क चालणार का तेवढं आधी सांगा, बाकीचं गाणं नंतर वाजवा. तिसऱ्यानं या कंपनीवरचा आपला विश्वास कायमचा उडाल्याचं जाहीर केलं आणि संध्याकाळपर्यंत आपल्या फोटोच्या जागी त्याच डब्याचा फोटो लावला. दोघं तर इतके हमरीतुमरीवर आले की एकजण रागानं ग्रुप सोडून गेला आणि दहा मिनिटांनी परत आला. पोरंबाळं असलेली, गुडघे कुरकुरणारी माणसं ही. मला हे भांडण फार आवडतं. जीव लावल्याशिवाय कोणी एवढ्या शिव्या देत नाही.

त्या गोंधळात कोणीतरी एक फोटो टाकला. डब्याबरोबर कंपनीनं एक चपटा, गोल रिमोटही दाखवला होता. मांडीवर ठेवायचा, बटणं आपल्याला हवी तशी बसवायची, आणि एका हातानं खेळायचं. मग सगळ्यांनी एकच नाव लिहायला सुरुवात केली. दिगू, तुझा आला. दिगू, आता बोल. दिगूभाऊ, आता सुट्टी नाही.

सोपाननं आवाजातला निरोप पाठवला. सोपान मूळचा रहाटणीचा, शेतं गेली आणि त्या जागी इमारती आल्या त्या घरातला. आमचा अड्डा त्याच्याच गच्चीवरच्या खोलीत. तो म्हणाला, “दिग्या, आता न्हाई म्हणायचं न्हाई. आमी सगळे मिळून घेणार हाय तो रिमोट, अन् म्हेश तुझ्या हातात देनार. तुझा सगळ्यात जवळचा त्योच हाय.” म्हेश म्हणजे मी, महेश.

दिगूनं नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी फोन पालथा घातला आणि कांद्याच्या वासात डोळे मिटून बसलो.

मागचा डबा जाहीर झाला तेव्हाही हेच दिवस होते. दिगू आणि मी चाकणच्या एका छोट्या कारखान्यात एकाच प्रेसवर होतो. पहिली पाळी माझी, दुसरी त्याची. तो लातूरकडचा, मी कऱ्हाडकडचा. दोघांचीही पहिली मोठी खरेदी म्हणजे सोपानच्या खोलीतल्या जुन्या कन्सोलमधला आपापला वाटा. दिगूसारखा खेळणारा मी नंतर पाहिला नाही. अंगठे बटणावर नुसते टेकलेले, चेहरा देवळात बसल्यासारखा शांत, आणि पडद्यावर समोरचा आडवा. आम्ही ओरडायचो, तो फक्त ओठ दाबून हसायचा. हरलेल्याला चहा तोच पाजायचा.

खेळण्यात मी सुमार होतो, पण लबाडीत हुशार. एका खेळात नुसतं घोड्यावरून गोल गोल फिरलं तरी गुण साचायचे. मी रिमोटच्या दांडीला रबर बांधून टाकायचो. घोडा फिरत राहायचा, आम्ही खाली जाऊन मिसळ खाऊन यायचो, वर येईपर्यंत गुण जमलेले. सोपान म्हणायचा, म्हेशचं रबर म्हणजे बिनपगारी नोकर.

प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. आमचं जुनं होतं. त्याच्या समोर दोन बटणं, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हातभर अंतर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडायचा नाही. कारण साधं आहे: दोन्ही हात बटणांवर असले की ते डायखाली, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याखाली नसतात. मशिनाच्या कपाळावर तांबड्या अक्षरांत पाटीच होती, ‘दोन्ही हात बटणावर’. पण दर पत्र्याला दोन्ही हात उचलायचे, पत्रा सरकवायचा, पुन्हा दोन्ही हात बटणांवर, यात वेळ जातो. एक बटण कायमचं दाबलेलं ठेवलं तर एक हात मोकळा राहतो आणि काम दीडपट पळतं. सगळीकडे असं चालायचं. कोणी लाकडाची पाचर मारायचा, कोणी चिकटपट्टी. सुपरवायझर बघायचा आणि पलीकडे तोंड करायचा.

मी सायकलच्या ट्यूबची पट्टी वापरायचो. कापून, दुहेरी करून डाव्या बटणावर ताणून बसवायची. बटणावर पत्र्याचं काळं टोपण, ट्यूबही काळी, वाकून बघितल्याशिवाय दिसायची नाही. कल्पना कुठून आली ते सांगायला नको.

पाळी बदलताना आमच्यात एक रीत होती. जाणाऱ्यानं येणाऱ्याला ठोका दाखवायचा. आधी डावं बटण एकटं दाबायचं, मशीन हलता कामा नये. मग उजवं एकटं. मग दोन्ही. तिसऱ्याला ठोका पडला की येणारा मान हलवायचा आणि जाणारा हात धुवायला निघायचा. कोणी शिकवलं माहीत नाही, माझ्या आधीच्या माणसानं मला दाखवलं होतं, मी दिगूला दाखवायचो. ट्यूब लावलेली असली तर ती आधी काढायची आणि मग ठोका दाखवायचा. ही माझी स्वतःशी ठरवलेली गोष्ट होती आणि ती मी कधी चुकवली नव्हती.

त्या दिवशी रात्री साडेआठला नवा डबा दाखवणार होते. दिगूची पाळी अकरापर्यंत, म्हणजे त्याला ते बघायला मिळणार नव्हतं. आठवडाभर तो त्यावरून हळहळत होता. मला मात्र दुपारी तीनला सुटून रहाटणी गाठायचं होतं, खोली झाडायची होती, टीव्हीला फोन जोडून बघायचा होता. ट्यूब लावून मी सकाळपासून झोडपून काम काढलं. अडीचलाच दिवसभराच्या नगांचा आकडा पुरा झाला. मशीन बंद केलं, हात धुतले आणि जाऊन फाटकाशी उभा राहिलो.

दुसऱ्या पाळीची बस आली. दिगू डबा काखेत मारून उतरला. मला तिथं बघून त्याला नवल वाटलं, रोज मी आत मशिनापाशी असायचो. त्यानं विचारलं, “मशीन?”

मी म्हणालो, “ओके आहे. तू जा.”

त्यानं विश्वास ठेवला. न ठेवायचं त्याला कारण नव्हतं. जाता जाता मागं वळून म्हणाला, “मह्या, रिअ‍ॅक्शन राखून ठेव बरं का. फोनवर कुणाला सांगू देऊ नको. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

बस नाशिक फाट्याच्या आसपास असताना मला ट्यूब आठवली. ती डाव्या बटणावरच राहिली होती. फोन काढून दिगूला लावला. पाळीवर फोन कपाटात ठेवायचा नियम होता, तो वाजत राहिला. सुपरवायझरला लावला. त्यानं उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, “दिगंबरचा हात गेला.”

पहिल्याच पत्र्याला. पत्रा तिरका बसला होता, तो डाव्या हातानं सरळ करत होता. उजवा तळवा बटणावर टेकवलेला होता. ती खोड आम्हा सगळ्यांना होती, खेळणाऱ्याचा हात बटणावर तयार असतोच. दोन्ही बटणांच्या मशिनात ती खोड निरुपद्रवी असते. उजवं एकटं दाबून काही होत नाही, हे रोज तीन वाजता मीच त्याला दाखवत आलो होतो.

डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

इस्पितळातल्या त्या बाकाबद्दल मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. सोपान धावपळ करत होता, रक्ताची सोय, कागद, सह्या. मी बाकावर बसून होतो. साडेआठ वाजले तेव्हा फोन थरथरायला लागला. सगळ्यांचे निरोप. काय दिसतोय राव. बकवास. भारी. मी आवाज बंद करून ते बघितलं. वीस मिनिटं. आत त्याच्या हाताला टाके पडत होते आणि मी बाहेर डबा बघत होतो. कदाचित दुसरीकडे बघायला जागा नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शुद्ध आली. आई-बाप लातूरहून अजून वाटेत होते. पांढऱ्या बोचक्यासारखा हात छातीवर ठेवलेला. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, “कसाय?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, तो डब्याबद्दल विचारत होता. मी म्हणालो, भारी आहे. रंग पांढरा आहे. रिमोट हातात थरथरतो म्हणे, खेळातल्या पावसात चाललं तर हाताला पाऊस कळतो. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, “माझंच ध्यान नव्हतं, मह्या. डोक्यात तेच व्हतं सकाळपासून. डावा कोपर लागला आसंल बटणाला.”

तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही रे, ट्यूब मी लावली होती. वाक्य तोंडात आलेलं होतं. मी त्याच्या उशीची सुरकुती नीट केली.

भीती होती. नोकरीची, पोलिसांची, त्याच्या बापाच्या तोंडाकडे बघण्याची. सुपरवायझरनं तर आदल्या संध्याकाळीच ट्यूब कापून काढली होती. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो तेव्हा त्यानं ती माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाला, घरी ने. चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. दिगूनं त्यावर उजव्या हातानं सही केली. पहिल्या दिवशी जे सांगायला लाज वाटली ते महिन्यानं सांगायला दहापट लाज वाटते, आणि वर्षानंतर ते सांगण्याजोगं राहतच नाही, असं मी स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

मी ती कंपनी सोडली. आता दुसरीकडे तपासणी विभागात आहे. दिवसभर मापं लावून इतरांच्या चुका शोधतो आणि त्याबद्दल माझं नाव चांगलं आहे. दिगू तिथंच राहिला. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. कामगारांना हातमोजे आणि चष्मे वाटायचं काम. नव्या पोरांना तो मोजे देताना स्वतःचा हात टेबलावर ठेवतो, वेगळं काही सांगावं लागत नाही, असं सोपान मला एकदा हसत सांगत होता. मी हसलो नाही.

गुरुवार मात्र त्यानं चुकवला नाही. येतो, गादीच्या कोपऱ्यात बसतो, कोण कुठं चुकतंय ते बरोबर सांगतो. रिमोट कधी घेत नाही. आम्ही बटणांची जुळणी बदलून दिली, गुडघ्यावर ठेवून खेळता येईल असं करून दिलं. तो म्हणायचा, “तुम्ही खेळा की. मी बघतो.” आम्हाला वाटायचं, पूर्वीसारखं जमणार नाही म्हणून मनाला लागतं. सात वर्षं आम्ही हेच समजत होतो.

गेल्या गुरुवारी सगळे जमणार होते, दिगूला मोठ्या पडद्यावर तो रिमोट दाखवायला. सोपाननं मला बजावलं होतं, चार शब्द चांगले बोल. मी कपाटातून जुन्या खोक्यातली ट्यूब काढून खिशात टाकली आणि सकाळी दहालाच जाऊन बसलो. दिगूला फोन करून लवकर बोलावलं. तो आला. चाकणहून दोन बस बदलून आलेला, अंगाला तोच कांद्याचा वास. सोपान टीव्हीची वायर खोचत होता. मी म्हणालो, थांब, आधी मला बोलायचंय. ट्यूब काढून गादीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. फाटकावरचं ‘ओके आहे’ही सांगितलं.

दिगूनं ट्यूब उचलली. उजव्या हातात धरून, टोक डाव्या अंगठ्याखाली दाबून ताणून बघितली. इतक्या वर्षांत ती कडक झाली होती, मध्ये तडकली. सोपान भिंतीला टेकून खाली बसला. मी दिगूच्या शिव्यांची वाट बघत होतो. त्यानं माझी कॉलर धरली असती तर बरं वाटलं असतं.

“बाबा मला काय म्हणले व्हते म्हाईत हाय का तुला?” तो शेवटी म्हणाला. “म्हणले, खेळापायी हात घालवलास. मरेपर्यंत तेच म्हणले.”

वडील जाऊन दोन वर्षं झाली. आणि आईनं तर इस्पितळातच त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती की पुन्हा त्या खेळाला शिवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. म्हणून तो रिमोट घेत नव्हता. हाताचा काही संबंध नव्हता. एका हातानं खेळता आलं असतं, असं तो म्हणाला, पहिल्या वर्षीच आलं असतं.

मी माफी मागितली. तो म्हणाला, “माझ्याशी आत्ता नको बोलू.” आवाज चढलेला नव्हता. मग दिगूनं फोन काढला, अंगठ्यानं नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्यासमोर धरला.

“आईला सांग,” तो म्हणाला.

घंटी बराच वेळ वाजली. तेवढ्या वेळात मी काय काय ठरवलं, त्यातलं एकही कामाला आलं नाही. पलीकडून आवाज आला, “दिगू, जेवलास का रं?”

मी म्हणालो, “मावशी, मी महेश बोलतोय. त्या दिवशी दिगूचं ध्यान कामावरच होतं. चूक माझी होती.” मग ट्यूबचं सांगितलं, दोन बटणांचं सांगितलं, तिला समजेल अशा शब्दांत, पुन्हा पुन्हा अडखळत. पलीकडे कुठंतरी गोठ्यात वासरू हंबरत होतं.

माझं संपल्यावर ती म्हणाली, “मग म्या लेकराला उगंच शपथ घातली की.” माझ्याबद्दल तिनं काहीच विचारलं नाही.

दिगूनं फोन स्वतःकडे ओढून घेतला. लहानपणी आपण सगळे एकमेकांकडून जे वदवून घ्यायचो, तेच हा चाळिशीचा माणूस खाली मान घालून मागत होता.

“आई,” तो म्हणाला, “सुटली म्हण.”

पलीकडे ती रडत होती. वासरू हंबरायचं थांबलं होतं. मग ती म्हणाली, “सुटली रं माझ्या बाबा, सुटली.”